घरगुती सापांचा रॅक: हीटिंग बसवताना थर्मोस्टॅट एक दिवस बिघडणार हे धरूनच चाला

नवशिका

मंडळी, सापांचे टब ठेवायच्या रॅकचा सांगाडा उभा राहिला, आता हीटिंगपाशी घोडं अडलंय.

१८ मिमी प्लायवूड, ४ फळ्या, एका फळीवर २ टब. टब पॉलिप्रॉपिलीनचे, साधारण ६५ सेंमी खोल. झाकणं नाहीत, वरची फळी हेच झाकण. वरच्या २ फळ्या बॉल पायथनना, खालच्या २ कॉर्न स्नेकना.

बेत असा आहे: प्रत्येक फळीवर मागच्या बाजूला ३ इंची हीट टेप (विजेवर तापणारी पातळ पट्टी), स्टेपल मारून पक्की. चारही पट्ट्या एकाच थर्मोस्टॅटवर. सेन्सर सगळ्यात खालच्या टबात, आत, म्हणजे साप जिथे बसणार तिथलंच तापमान मिळेल. मागे आणि फळ्यांखाली थर्मोकोल लावून उष्णता धरून ठेवायची. थर्मोस्टॅट ३२ अंश सेल्सिअसला लावला की झालं. फ्यूज आहे, घरात आरसीसीबी (वीजगळती झाली की वीज तोडणारा स्विच) आहे, त्यामुळे विजेची काळजी नाही.

काही राहिलंय का?

कातटाकू

विचारलंत म्हणून सांगतो: सांगाडा सोडला तर बहुतेक सगळंच बदलावं लागेल. बरं झालं, साप आत जायच्या आधी विचारलंत.

स्टेपल अजिबात नको. हीट टेपच्या दोन्ही कडांना तांब्याची पट्टी असते, वीज तिथून धावते, आणि मधल्या काळ्या कार्बनच्या पट्ट्या तापतात. स्टेपलची पिन तांब्यात गेली की ती पिन 'लाइव्ह' झाली. कार्बनमध्ये गेली तर तेवढ्याच जागी ठिणगी किंवा काळा डाग. स्क्रू आणि खिळे यांचंही तेच. टेप एकावर एक चढवायची नाही, दुमडून कोपऱ्यातून वळवायची नाही, आणि जिथे कापायची खूण छापलेली असते तिथेच कापायची.

सेन्सर टबाच्या आत ठेवला की साप तो ढकलतो, त्यावर बसतो, त्यावर मुततो, पाण्याचं भांडं सांडवतो. ओला सेन्सर थंड दाखवतो, आणि थंड दिसलं की थर्मोस्टॅट टेप जास्त तापवतो. सेन्सर टबाच्या बाहेर, टेप आणि टबाचा तळ यांच्या मध्ये, न हलेल असा चिकटवायचा. मग थर्मोस्टॅटवरचा आकडा आणि सापाला मिळणारा आकडा वेगळे असतात हे मान्य करायचं. टबाच्या आत ३२ मिळायला बाहेर कधी ३५ लावावं लागतं, कधी ३८. ते टबाच्या जाडीवर आणि मधल्या हवेच्या फटीवर आहे. दुसऱ्याचा आकडा उचलू नका.

आणि बॉल पायथन व कॉर्न एका थर्मोस्टॅटवर नकोत. बॉलला गरम बाजू ३१ ते ३३ आणि थंड बाजू २५ ते २७ लागते. कॉर्नला गरम बाजू २९ ते ३१ पुरते, थंड बाजू २२ ते २५. एकाच सेटिंगवर दोघांपैकी कुणीतरी कायम गैरसोयीत राहणार. दोन झोन करा.

तारजोड्या

कातटाकूंना +१. पण मूळ पोस्टमधल्या एका वाक्यावर मला थांबायचंय: "फ्यूज आहे, आरसीसीबी आहे, त्यामुळे काळजी नाही."

हिशेब करू. ३ इंची टेप फुटाला साधारण ८ ते १० वॅट घेते (तुमच्या टेपवर छापलेला आकडा धरा). फळीमागे ३ फूट, ४ फळ्या, म्हणजे १२ फूट, म्हणजे कमाल १२० वॅट. २३० व्होल्टवर हा करंट अर्ध्या अँपिअरच्या आसपास, १२० व्होल्टवर १ अँपिअर.

आता समजा थर्मोस्टॅटमधल्या रिलेचे (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या यांत्रिक स्विचचे) कॉन्टॅक्ट चिकटले. किंवा आत ट्रायक (तेच काम करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) असेल तर तो शॉर्ट झाला. दोन्ही भाग खराब होताना बऱ्याचदा 'चालू' अवस्थेतच अडकतात. टेप रात्रभर पूर्ण शक्तीने चालू. करंट किती? तोच, अर्धा अँपिअर. फ्यूजच्या दृष्टीने सगळं आलबेल. गळती नाही, म्हणून आरसीसीबीही गप्प. एमसीबीचा (जास्त करंटला पडणाऱ्या स्विचचा) तर प्रश्नच नाही. सगळी संरक्षक साधनं शाबूत आणि टबाचा तळ ५० अंशांकडे चाललेला.

फ्यूज वायर जळण्यापासून वाचवतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी माणसाला शॉकपासून वाचवतो. दोन्ही हवेतच, पण सापाला भाजण्यापासून यातलं काहीच वाचवत नाही. म्हणून रॅकची रचना करताना पहिला प्रश्न हाच असावा: थर्मोस्टॅट 'चालू'वर अडकला तर काय होईल? "अडकणार नाही" हे उत्तर चालत नाही.

आणखी एक. टेप कुठल्या व्होल्टेजची आहे ते बघितलंत का? बाहेरून मागवलेली बरीच टेप ११० ते १२० व्होल्टची असते. ती २३० वर लावली तर व्होल्टेज दुप्पट आणि वीज चौपट. फुटाला १० वॅटची टेप ४० वॅट ओढेल. इथे गोष्ट साप भाजण्यावर थांबत नाही, प्लायवूड धुमसायला लागतं.

नवशिका

टेपवर २३० छापलंय, आत्ताच जाऊन बघितलं. हुश्श.

पण मग थर्मोस्टॅट अडकला तर करायचं काय? दुसरा थर्मोस्टॅट?

तारजोड्या

हो. दुसरा, पहिल्याच्या आधी, एकामागून एक. प्लग → सुरक्षेचा थर्मोस्टॅट → रोजचा थर्मोस्टॅट → टेप. सुरक्षेचा ३ अंश वर लावायचा आणि त्याला स्वतःचा वेगळा सेन्सर द्यायचा. रोजचा नीट चालतोय तोवर हा नुसता बसून असतो.

क्रम महत्त्वाचा आहे. सुरक्षेचा साधा चालू-बंद प्रकारचा, रिलेवाला घ्या. रोजचा पल्स प्रपोर्शनल (वीज छोट्या-छोट्या तुकड्यांत देणारा) चालेल, हीट टेपला तोच चांगला: तो तापमान एका पातळीवर धरतो, वर-खाली झोके घेत नाही. पण पल्स प्रपोर्शनलच्या आउटपुटवर दुसरा इलेक्ट्रॉनिक थर्मोस्टॅट जोडायचा नाही, त्या तुकड्या-तुकड्याच्या विजेवर त्याचं डोकं फिरतं. म्हणून रिलेवाला आधी.

शिवाय एक साधा, बिनडोक यांत्रिक उपाय: बायमेटलची गोल चकती, ठरावीक तापमानाला सर्किट तोडणारी. केएसडी ३०१ नावाने मिळते, ४०, ४५, ५० अंशांची असते. 'नॉर्मली क्लोज्ड' (एरवी जुळलेली, तापली की तुटणारी) प्रकारची मागा, उलट्या प्रकारची चुकून लावली तर विपरीत होईल. ती टेपला टेकवून त्या पट्टीच्या फेज वायरमध्ये घालायची. तुटल्यावर बरंच थंड होईपर्यंत ती परत जुळत नाही, त्यामुळे रोजच्या नियंत्रणाला तिचा उपयोग नाही. शेवटची तटबंदी म्हणून उत्तम.

थंड_रक्त

मी जरा उलट बोलणार आहे. टबाखालच्या हीटिंगचा एवढा खटाटोप कशाला? खोलीच तापवा. खोली २७ वर ठेवली की टेप, क्रिम्प (दाबून केलेले वायरचे जोड), सेन्सर, सगळ्या कटकटी गेल्या. साप जमिनीखालून नव्हे, सूर्याकडून ऊब घेतात.

कातटाकू

थंड_रक्त, बॉल पायथनला २७ ची खोली म्हणजे सगळा टब थंड बाजू झाली. त्याला ३२ ची जागा हवी, आणि तिथून उठून २६ वर जाता यायला हवं. गरम-थंड निवडायला मिळणं हाच तर मुद्दा. शिवाय खोलीचा हीटर अडकला तर एक टब नाही, अख्खी खोली गेली.

सूर्याचं म्हणाल तर बॉल पायथन दिवस उंदराच्या बिळात आणि वाळवीच्या वारुळात काढतो, फिरतो रात्री. अंगाखालच्या उबेत त्याला परकं काही वाटत नाही.

तारजोड्या

थंड_रक्त यांच्या बोलण्यात एक गोष्ट मात्र कामाची आहे, ती घ्या. टेप खोलीच्या तापमानावर भर घालते. टेप पूर्ण शक्तीने चालू ठेवल्यावर टबाचा तळ खोलीपेक्षा, समजा, २४ अंश वर जातो. खोली १८ असेल तर ४२. आता तुम्हाला हवेत ३२, म्हणजे १४ ची भर पुरे. उरलेली १० अंशांची ताकद हा निव्वळ धोका आहे, ती बिघाडाच्या दिवशीच उपयोगात येते!

भर ढोबळमानाने वॅटच्या प्रमाणात असते. वॅट निम्मे केले की भरही साधारण निम्मी. म्हणून खोली फार थंड पडू देऊ नका आणि टेप गरजेपुरत्याच ताकदीची ठेवा. चालू-बंद थर्मोस्टॅटच्या पुढे, टेपच्या आधी, रेझिस्टिव्ह लोडला (नुसत्या तापणाऱ्या उपकरणांना) चालणारा डिमर घालून कमाल ताकद कापता येते. पल्स प्रपोर्शनलवाल्यांनी डिमर घालू नये. आणि मोसम बदलला की डिमर पुन्हा तपासायचा, कारण खोली १० अंशांनी तापली की टेपची कमाल मर्यादाही १० अंशांनी वर गेली.

पशुवैद्य_खवलेवाले

धागा आधीच लांबलाय, तरी माझ्या टेबलावर जे येतं त्याबद्दल थोडं.

सापाला चटका कळत नाही असं लोक म्हणतात. कळतो, वेदनेचे संवेदक त्याला आहेत. पण बाकी टब गार असेल आणि ऊब एकाच जागी असेल तर तो तिथून हलत नाही, जागा प्रमाणाबाहेर तापली तरी. हा तुमच्या रचनेचा दोष, सापाच्या मूर्खपणाचा नाही.

आणि भाजायला फार तापमान लागत नाही, वेळ लागतो. मॉरिट्झ आणि हेन्रिकेस यांचं १९४७ चं माणसाच्या त्वचेवरचं काम बघा: ४४ अंशांच्या पृष्ठभागाशी सुमारे ६ तास संपर्क राहिला तर त्वचा भाजते. हाताला ४४ 'छान गरम' लागतं. हात लावून "ठीक आहे" म्हणणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितोय. साप तर एका जागी ६ तासांहून कितीतरी जास्त पडून राहतो.

पहिली खूण पोटावर दिसते. पोटाच्या रुंद खवल्यांवर गुलाबी-लाल झाक, मग खवल्यांच्या कडा तपकिरी होतात, फोड येतात, पाणी सुटतं. कधी कात टाकेपर्यंत काहीच दिसत नाही आणि त्यानंतर खालची कातडी उघडी पडते. शंका आली तर हीटिंग बंद, साध्या गार (बर्फाच्या नव्हे) पाण्याने हलकेच थंड करा, बिछायत काढून स्वच्छ कागद अंथरा आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडे न्या. माणसाची मलमं घरच्या घरी चोपडू नका.

बिछायतीबद्दल: जाड थर घातला की उष्णता वर येत नाही, खाली साठते. वर थर्मामीटर २८ दाखवतो म्हणून माणूस थर्मोस्टॅट वाढवतो. साप मात्र खणून थेट तळावर जाऊन बसतो, आणि तळ असतो ४० ला. गरम बाजूला २ ते ३ सेंमीपेक्षा जास्त बिछायत नको, आणि मोजायचं ते बिछायतीच्या खाली, तळावर. पाण्याचं सपाट जड भांडंही गरम जागेवर नको. त्याच्याखाली उष्णता कोंडते आणि वर टबभर दमटपणा होतो.

सुतारपक्षी

माझा प्रांत लाकडाचा.

टब रोज आत-बाहेर सरकणार. टेप फळीवर नुसती चिकटवली तर टबाच्या तळाची कड तिच्यावरून घासत जाणार, आणि वरचं प्लास्टिक कधीतरी फाटणार. म्हणून फळीत राउटरने (लाकूड कोरणाऱ्या यंत्राने) खाच मारा: टेपच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना ५ मिमी जास्त, खोली ३ मिमी. टेप १ मिमीहूनही पातळ असते, ती खाचेत खाली राहते, टब तिला शिवत नाही. वायर जायला मागच्या फळीत भोक पाडा, भोकाच्या कडा घासा आणि रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) बसवा. प्लायची कच्ची कड वायरचं आवरण करवतीसारखी कापते.

आता रुंदी. ६५ सेंमी खोल टबाला ३ इंची पट्टी म्हणजे तळाचा जेमतेम नववा भाग. मोठा बॉल पायथन त्यावर बसला तर अंगाचा एक पट्टाच गरम होईल, मग तुम्ही तो पट्टा आणखी तापवणार. गरम भाग तळाच्या निदान तिसऱ्या हिश्शाइतका असू द्या. रुंद आणि कमी गरम, हे अरुंद आणि जास्त गरम यापेक्षा केव्हाही बरं. मोठ्या टबांना ११ इंची टेप घ्या, ३ इंची पिल्लांच्या छोट्या टबांना ठेवा. तारजोड्यांचा हिशेब मात्र नव्याने मांडा, ११ इंचीला फुटामागे वॅट जास्त असतात.

थर्मोकोल विसरा. तो तापमानाने मऊ पडतो, पेट घेतो आणि धूर घाणेरडा करतो. इथे उष्णता कोंडायचीही नाहीये. मागची बाजू पूर्ण बंद करू नका, जोडांपाशी हवा खेळू द्या. खाचेच्या पलीकडे १८ मिमी प्लाय आहे, तोच पुरेसा रोधक आहे.

आणि टबाच्या वरची फट बघा. बिनझाकणाच्या रॅकमध्ये कॉर्नचं पिल्लू ४ मिमीच्या फटीतून आरामात निघतं, आणि ऊब शोधत नेमकं मागे वायरींमध्ये जाऊन बसतं.

नवशिका

वाचून घाम फुटला, पण सगळं पटलंय. ११ इंची टेप, खाच, दोन झोन, दुहेरी थर्मोस्टॅट. थर्मोकोल कचऱ्यात.

टेप खाचेत अ‍ॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीने चिकटवू का? सगळ्या व्हिडिओंमध्ये तेच दिसतं. आणि जोड सोल्डर करायचे की काय?

तारजोड्या

अ‍ॅल्युमिनियमची पट्टी वीज वाहते हे व्हिडिओवाले सांगायचं विसरतात. टेपच्या कापलेल्या टोकाशी तांबं उघडं असतं, ही पट्टी तिथे टेकली की अख्खी खाच लाइव्ह. वापरायचीच तर टेपच्या अंगावर, टोकांपासून आणि जोडांपासून ५ सेंमी तरी लांब. मी कापडी उष्णतारोधक टेपने फक्त कडा धरतो. टोक सोडून बाकी टेप सपाट बसली की झालं, वर टब आहेच.

रॅक धातूचा असेल तर (तुमचा नाही, पण वाचणारे असतील) त्या सांगाड्याला अर्थिंग हवंच. अशा रॅकला आरसीसीबीशिवाय हात लावू नये.

जोड: सोल्डर नको, टेपचं प्लास्टिक वितळतं आणि तांब्याचा पापुद्रा सुटतो. टेपसाठीच मिळणाऱ्या क्रिम्प क्लिपा घ्या. क्लिपेचं एक पान टेपच्या दोन थरांच्या मध्ये, तांब्याला टेकून सरकवायचं, दुसरं वर. मग क्रिम्पच्या पकडीने दाबायचं, साध्या पकडीने नाही. दात तांब्यात रुतल्याचं बोटांना कळतं, पकड एकदम घट्ट होते. मग वायर धरून ओढा, चांगली ओढा. क्लिप हलली तर ती कापून टाका आणि पुन्हा करा, दुसऱ्यांदा दाबून घट्ट होत नाही. वर टेपच्या कंपनीचं प्लास्टिक इन्सुलेटर झाकण. काळी चिकटपट्टी हा झाकणाला पर्याय नाही, उबेत तिचा डिंक सुटून वर्षभरात ती सैल होते. जिथे वायर जोडलेली नाही त्या कापलेल्या टोकालाही झाकण हवं, हे निम्मे लोक विसरतात.

चारही पट्ट्या समांतर जोडा. प्रत्येक पट्टीची वायर जोडापासून थोड्या अंतरावर फळीला क्लिपने बांधा, म्हणजे कुणी वायर ओढली तर ओढ क्रिम्पवर येणार नाही.

पूर्ण झाल्यावर तासभर चालू ठेवा, मग प्लग काढून लगेच प्रत्येक जोडाला बोट लावा. जोड टेपपेक्षा गरम लागला तर तो जोड ढिला आहे. आगी लागतात त्या अशा जोडातून, टेपच्या मधल्या भागातून क्वचित.

रात्रपाळी

वाचतोय, वाखूण साठवली.

एक भर. सेन्सर कुठल्या फळीवर ठेवायचा हे अजून कुणी बोललं नाही. उष्णता वर जाते, त्यामुळे वरची फळी खालच्यापेक्षा १-२ अंश गरम निघते. सेन्सर सगळ्यात खाली ठेवला, जसा मूळ बेत होता, तर खालचा टब बरोबर आणि वरचा कायम जास्त. झोनमधल्या वरच्या फळीवर ठेवा. खालचा अंशभर कमी राहिला तर चालतं, वरचा जास्त झाला तर चालत नाही.

दुसरं, सेन्सरवरचा टब साफसफाईला बाहेर काढला की सेन्सर उघड्या हवेत. त्याला वाटतं थंडी पडली, तो टेपला ढकलतो, आणि त्याच झोनमधले बाकीचे टब तापत जातात. टब बाहेर काढायचा तर त्या झोनचा प्लग काढा, किंवा तेवढीच बिछायत घातलेला रिकामा टब जागेवर सरकवा. साप दुसरीकडे हलवला तरी सेन्सरवरचा टब कधी रिकामी जागा म्हणून सोडू नका.

कातटाकू

रात्रपाळी, हे फार महत्त्वाचं. नवशिका, थर्मोस्टॅट विकत आणल्यावर पहिल्याच दिवशी करायची एक चाचणी: टेप चालू असताना सेन्सरची पिन उपटा. थर्मोस्टॅटने एरर दाखवून टेप बंद केली पाहिजे. काही स्वस्त मॉडेल सेन्सर गेला की शून्य अंश समजतात आणि जोरात तापवायला लागतात. तसं निघालं तर परत करा. मग वीज घालवून परत आणा, सेटिंग लक्षात आहे का बघा. उघड्या बोर्डवाले कंट्रोलर तर रॅकपाशी नकोतच, पाण्याचं भांडं आणि उघडे टर्मिनल यांची भेट कधीतरी होतेच.

थर्मोस्टॅट टबांच्या खाली नको, बाजूला किंवा वर. वायर त्याच्याकडे जाण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी वायरवरून ओघळलं तर झोळावरून गळेल, खोक्यात शिरणार नाही.

थंड_रक्त

मघाशी मी जरा फटकून बोललो. खोली २४-२५ आणि वर टेप, हा मधला मार्ग मला मान्य आहे. :)

मोजण्याबद्दल माझ्याकडून: इन्फ्रारेड गन (दुरून तापमान मोजणारी) अ‍ॅल्युमिनियमवर रोखू नका. चकचकीत धातू स्वतःची उष्णता फार कमी फेकतो, समोरच्या भिंतीची परावर्तित करतो, गन बिनधास्त २६ दाखवते आणि पत्रा ४० असतो. धातूवर कागदी मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा, दोन मिनिटं थांबा, त्या तुकड्यावर मोजा. टबाच्या प्लास्टिकवर गन ठीक चालते, पण टबाच्या आतून, तळावर रोखून. बाहेरून पारदर्शक टबातून मोजलं तर ती टबाची भिंत मोजते.

सेन्सर खरे बोलतात का हे तपासायला बर्फ चुरून पाण्यात कालवा, जाड काला झाला पाहिजे. त्यात सेन्सरचं टोक बुडवून ढवळत राहा, ० दाखवायला हवं. १ अंशाचा फरक चालेल, ३ चा फरक असेल तर तो सेन्सर कामाचा नाही.

नवशिका

अपडेट. ११ इंची टेप खाचेत बसली, क्रिम्प झाले, दोन झोन झाले. टब रिकामे, बिछायत घातलेली, साप अजून जुन्या जागीच.

खोली २३ वर. बॉलच्या झोनचा सेन्सर वरच्या फळीवर टेप आणि टबाच्या मध्ये, थर्मोस्टॅट ३५.५ ला. टबात आत तळावर वरच्या फळीवर ३२.२, खालच्या फळीवर ३१.१. थंड बाजू २५ च्या खाली गेली नाही. कॉर्नचा झोन ३३ ला लावून आत ३०.

मग तारजोड्यांच्या 'थर्मोस्टॅट अडकला तर काय' या प्रश्नाची भीतिदायक चाचणी केली: दोन्ही थर्मोस्टॅट वगळून टेप थेट प्लगमध्ये, आणि मी समोर खुर्ची टाकून. टबाचा तळ ३५, ३८, ४१... ४४ वर केएसडी तुटली. टिक आवाज आला आणि आकडा चढायचा थांबला, मग उतरायला लागला. ती नसती तर किती गेला असता माहीत नाही, बघायचीही इच्छा नाही.

सुरक्षेचा थर्मोस्टॅट ३८.५ वर. रोजचा मुद्दाम ४५ ला लावून बघितला, सुरक्षेच्याने ३८.५ ला तोडलं. सेन्सर उपटल्यावर दोन्हींनी एरर दिला.

पशुवैद्य_खवलेवाले

४४ ला तुटणं आग टाळायला छान, पण वर लिहिलेले ४४ आणि ६ तास आठवा. सापासाठी तुमची खरी तटबंदी सुरक्षेचा थर्मोस्टॅट आहे. त्याचा सेन्सर रोजच्याच्या शेजारी नको, झोनमधल्या दुसऱ्या टबाखाली ठेवा. एक टब बाहेर काढला किंवा एक सेन्सर सुटला तर दोन्ही एकदम फसणार नाहीत.

तारजोड्या

+१. आणि शक्य असेल तर ४४ ला तुटलेली चकती काढून ४० ची घाला, तुमचा सेन्सर एरवी ३५-३६ लाच असतो, उगाच तुटणार नाही. ती परत जुळायला किती थंड व्हावी लागते ते मोजून ठेवा, म्हणजे कधी टब गार सापडला तर कारण लगेच कळेल.

एक्स्टेन्शन बोर्डाला दुसरा बोर्ड लावून रॅक चालवू नका, भिंतीतल्या सॉकेटवरून थेट घ्या. खोलीत धुराचा अलार्म बसवा.

सुतारपक्षी

उन्हाळ्यात खोली ३४ झाली की टेप आपोआप जवळजवळ बंदच राहील, पण टबांना थंड बाजूच उरणार नाही. तेव्हा थर्मोस्टॅटकडे बघत बसू नका, खोली थंड करा. वीज गेली तर उलट. लाकडी रॅक काही तास ऊब धरतो, त्यावर गोधडी टाका, जोडांपाशी नाही, आणि वीज आली की गोधडी आधी काढा.

नवशिका

४० ची चकती मागवली. सुरक्षेचा सेन्सर दुसऱ्या टबाखाली हलवला, आकडे तसेच आहेत. जोडांना रोज बोट लावतोय, गार आहेत.

आता एक प्रश्न: हे आकडे किती दिवस स्थिर राहिले की बॉल पायथन आत सोडायचे?

कातटाकू

रिकाम्या टबांवर एक आठवडा, त्यात किमान-कमाल नोंदवणारा थर्मामीटर प्रत्येक झोनमध्ये. पहाटेची सगळ्यात थंड वेळ आणि दुपारची सगळ्यात गरम वेळ, दोन्हींत तळ ३३ च्या वर गेला नाही तर एक साप सोडा, बाकीचे नंतर. पहिले काही दिवस रोज पोट बघा. पुढे महिन्यातून एकदा प्लग काढून खाच पुसायची, टेपवर तपकिरी डाग किंवा फुगा दिसतोय का बघायचं. दिसला तर ती पट्टी बदलायची, ठिगळ लावायचं नाही.

नवशिका

ठीक. आठवडा संपला की तक्ता इथेच टाकतो.